वैजूचा रीटेक

“परत पळायला सांग तिला,” हॅरी सर म्हणाले. “आणि या वेळी जरा हसत ये म्हणावं.”

म्हणजे डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी एकवीस किलोमीटर पळून, पहिली येऊन, मांडवाच्या खांबाला धरून वाकलीय, श्वास अंगात मावत नाहीये, आणि आमचा प्रोग्रॅमिंग हेड, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात तीन-तीन पास, तिच्यापासून चार हात लांब उभा राहून मला सांगतोय की हिला परत पळायला सांग. मला. ती मराठी, तो मराठी, मधली मी मराठी. पण गावाकडच्या मुलीशी बोलायचं तर मध्ये दुभाषी पाहिजे असं त्याचं मत.

थांबा, असं नको, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही मध्ये मध्ये विचारत बसाल.

माझं ते पहिलं चॅनल. नाव सांगून उपयोग नाही. बंद पडलं, आणि चालू होतं तेव्हाही तुमच्यापैकी कुणी लावलं नसणार. खेळांचं मराठी चॅनल. सकाळी जुनी कबड्डी, दुपारी कुठल्यातरी थंड देशातले गोरे बुवा मासे पकडतायत आणि त्यांच्या तोंडी मराठी डबिंग, संध्याकाळी कॅरम. कॅरमही वर्षभरापूर्वीचा. पण हॅरी सरांनी त्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘लाइव्ह’ लावायला सांगितलेलं. एकदा एका बाईंचा फोन आला, की तुमच्या लाइव्हमध्ये जे गृहस्थ आत्ता क्वीन घेतायत ते आत्ता आमच्याकडे पोहे खातायत. हॅरी सर म्हणाले, तो नंबर ब्लॉक करा.

हॅरी सरांचं खरं नाव हरिश्चंद्र राजोपाध्ये. हो, हरिश्चंद्र. हसा. आम्ही रोज हसायचो.

तर त्या वर्षी चॅनलनं ठरवलं की आता खरंखुरं लाइव्ह करायचं. कोल्हापुरात मुलींची अर्धमॅरेथॉन होती, एका बुटांच्या कंपनीनं भरवलेली. मी मूळची कोल्हापूरची म्हणून माझी वर्णी लागली, आणि काम मिळालं रिप्लेचं. म्हणजे कसं, मैदानाबाहेर एक मोठी गाडी उभी असते, ओबी व्हॅन. आत अंधार, एसी आणि भिंतभर टीव्ही. प्रत्येक कॅमेऱ्याचा एक टीव्ही. डायरेक्टर बसून ठरवतो की यातलं कुठलं चित्र लोकांच्या घरात जाणार. आणि माझ्यासमोरच्या मशीनमध्ये सगळ्याच कॅमेऱ्यांचं सगळं साठत असतं, घरात गेलेलं आणि न गेलेलंही. कुणी ‘रिप्ले’ म्हणालं की मी ते शोधायचं आणि हळू करून लावायचं.

डायरेक्टर चिटणीस म्हणून होते. भला माणूस. हॅरी सर मागे उभे राहून ओरडायला लागले की ते तोंडात एक पेपरमिंट टाकायचे आणि सांगतील ते करायचे. शर्यत संपायच्या आत पुडा संपला.

आता शर्यत कशी होती ते नीट ऐका, कारण सगळा घोळ इथंच आहे. मैदानातल्या कमानीतून निघायचं, रंकाळ्याला वळसा घालून गावातून फिरून परत त्याच कमानीतून जायचं, ही एक फेरी. अशा दोन. मुलींच्या बुटाला चिप, कमानीखाली चटई, चटईवर पाय पडला की मशीन वेळ टिपतं. आणि दोन फेऱ्या असल्यामुळं मशीनला सांगून ठेवलेलं, की जिची जी शेवटची वेळ येईल तीच तिची खरी धर, आधीची पुसून टाक. बरोबरच होतं ते. शर्यत संपल्यावर कुणी परत त्या चटईवरून पळत जाईल हे मशीनच्या बापालाही वाटलं नसणार.

आणि बक्षीस काय? पहिली येणारी मुलगी बंगळूरच्या शिबिराला जाणार. वर्षभर राहणं, खाणं, कोच, सगळं. त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलेलं. आणि जाणार फक्त पहिली. दुसरीला करंडक.

आदल्या दिवशी मी मुलींच्या छोट्या मुलाखती घ्यायला गेले, तिथं वैजू भेटली. वैजयंता एकशिंगे. राधानगरीच्या वर डोंगरात तिची वाडी. मी कॅमेऱ्यासमोर विचारलं, बंगळूरला गेलीस तर काय करशील. म्हणाली, “पळीन.” झाली मुलाखत. आणि कॅमेरा बंद केल्यावर ही बया जी बोलायला लागली ती थांबेचना. की हिच्या वडलांनी हिला एकदाही पळताना बघितलेलं नाही. शर्यती सगळ्या लांब, घरी म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं, ते सोडून कुठं जाणार. पण यंदा टीव्हीवर आहे म्हटल्यावर डेअरीच्या खोलीतल्या टीव्हीसमोर अख्खी वाडी बसणार होती.

“तात्या म्हणत्यात, पळतीस पळतीस म्हणं, बघितलंय कुणी? उद्या बघतील. दिसतो न्हवं मी टीव्हीवर?”

आमच्याकडं मुलीही येतो-जातोच म्हणतात. तुम्हा पुण्याच्यांना हसू येतं, येऊ दे.

मी म्हटलं, पहिली आलीस तर दिसणारच. पहिली कमानीत शिरते तेच दाखवलं नाही असं चॅनल असतं का कुठं?

शेजारी यास्मिन मुजावर बसली होती, मिरजेची, उंच, लांब टांगांची. सगळे म्हणत होते हीच येणार पहिली. ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली की तुझे तात्या उद्या मलाच बघणार आहेत, आणि दोघी खिदळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत सुरू झाली आणि खोटं नाही सांगत, पहिली फेरी आम्ही झकास दाखवली. रंकाळ्यावर कोवळं ऊन, पुढं मोटरसायकलवरचा कॅमेरा, त्याच्यामागं मुलींचा घोळका. दुसऱ्या फेरीत घोळका फुटला आणि पुढं दोघीच राहिल्या. वैजू आणि यास्मिन. यास्मिन पुढं, मग वैजू पुढं, मग परत यास्मिन. चिटणीस पेपरमिंट खायचे विसरले. मैदान जवळ आलं तशी वैजू सुटली. काय सुटली म्हणून सांगू. एवढीशी पोरगी, भगवी बनियन, खांदे जराही हलत नाहीत, नुसते पाय. मोटरसायकलला मैदानात यायची परवानगी नव्हती, ती फाटकातून बाजूला वळली आणि आता पुढचं सगळं काम एक नंबरच्या कॅमेऱ्याचं. तो खास कमानीवर लावलेला. त्यानं दुसरं काहीच करायचं नव्हतं.

आणि नेमका तेव्हा हिरो आला.

रुद्र सरंजामे. रोज साडेसातच्या मालिकेतला, तुमच्या आया ज्याच्यापायी कुकर लावायचा विसरतात, तो. बुटांच्या कंपनीचा चेहरा. सकाळी झेंडा दाखवायला येणार होता, तो आला शेवटच्या मिनिटाला, काळ्या गाडीतून, काळा चष्मा, पांढरेशुभ्र बूट. हॅरी सरांना त्याला घेऊन नवा कार्यक्रम करायचा होता, कसला ते त्यांनाही माहीत नव्हतं, पण करायचा होता. ते किंचाळलेच. सगळे कॅमेरे हिरोवर.

चिटणीस म्हणाले, “सर, पोरी येतायत.”

“पोरी कुठं पळून जातायत? हिरोवर जा.”

एक नंबरचा कॅमेरा कमानीवरून फिरला. मी डोळ्यांनी बघितलं, त्या टीव्हीवर आधी रिकामी कमान होती, मग सरकत सरकत हिरोचं डोकं आलं. दोन नंबरवर हिरोचा चेहरा, घराघरात तोच जात होता. मैदानात एक मोठा पडदा लावलेला, त्यावरही तोच. मैदानातले लोक कमानीकडं पाठ करून पडद्यावर हिरो बघत होते, आणि ज्यांना खरा हिरो दिसत होता ते त्याच्याकडं धावत होते. फीत धरायला उभी केलेली दोन कॉलेजची पोरं फीत खाली टाकून सेल्फीला गेली. पंच हिरोबरोबर फोटोत. मुख्य पंच निंबाळकर सर, निवृत्त पी.टी.चे शिक्षक, गळ्यात शिट्टी, ते तर हिरोचा हात हातात घेऊन उभे. माईकवरचा निवेदक हिरोला विचारत होता की फिटनेससाठी तुम्ही काय खाता. हिरो म्हणाला की मी खूप पाणी पितो. टाळ्या.

बराच वेळ हे चाललं. मग मैदानातल्या आमच्या माणसाचा वॉकीटॉकीवर आवाज आला, की सर, पहिल्या दोघी आल्यासुद्धा, मांडवात पाणी पीत बसल्यात.

हॅरी सर म्हणाले, “कुणाला विचारून आल्या?”

आईशप्पथ, हेच म्हणाले.

मग त्यांचं डोकं चालायला लागलं. एवढं डोकं त्यांनी कॅरमसाठी वापरलं असतं तर चॅनल चाललं असतं. चिटणिसांना सांगितलं, जाहिराती लाव, असतील नसतील तेवढ्या. फोनवर त्या पोरांना झापून फीत परत उभी केली, बुटांच्या कंपनीचं नाव असलेली. हिरो आणि निंबाळकर सर तोपर्यंत पलीकडच्या खास मांडवात चहाला गेलेले. आणि तिसरी मुलगी अजून रंकाळ्यापाशीच होती. म्हणजे मैदान मोकळं. हॅरी सरांनी माझा दंड धरला. “तू इकडचीच ना? चल, त्यांच्या भाषेत सांग.”

तर असे आम्ही मांडवात उभे होतो.

मी तिला आधी खाली बसवलं, तेव्हा हॅरी सर स्वतःच वैजूशी बोलायला लागले, मोठ्यानं, एक एक शब्द सुटा करून, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. की तू आलीस ते टीव्हीवर दिसलं नाही. जरा टेक्निकल झालं. तर फक्त शेवटची पन्नास पावलं, फीत तोडायची, हात वर, स्माईल.

वैजू एवढंच म्हणाली, “दिसलंच न्हाई?”

“नाही ना.”

“मग काय दिसलं?”

हॅरी सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, रुद्र सरंजामे दिसला.

तिला तो कोण हेच माहीत नव्हतं. डोंगरातल्या पोरी सकाळी चारला उठून पळतात, साडेसातला झोपतात. ती विचारत होती एकच, की म्हणजे वाडीत कुणीच मला येताना बघितलं नाही? तात्यांनी पण? मी मान हलवली. ती उठली. खांबाला धरूनच उठली, बरं का. म्हणाली, पळतो.

मग हॅरी सरांना आणखी सुचलं. यास्मिनला म्हणाले, तू हिच्या मागून ये, दहा पावलं मागं. मागं कुणी नसेल तर ही जिंकली असं वाटणार कसं?

यास्मिन डोक्यावर पाण्याची बाटली ओतत होती. तिनं बाटली संपवली, झाकण लावलं आणि मग म्हणाली, “एकदा हरलो की. परत कशाला हरू?”

आणि पाय पसरून बसली ती बसलीच.

त्यामुळं वैजू एकटीच पळाली. जाहिराती संपल्या, कोपऱ्यात लाल ‘लाइव्ह’, चित्र कमरेपासून डोक्यापर्यंतच, कारण कमानीवर घड्याळ होतं आणि ते दिसलं असतं तर बिंग फुटलं असतं. निवेदक बोंबलतोय, आली, आली, वैजयंता आली. लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटतंय हेच खरं. आणि ती फीत तोडून हात वर करून हसली. वाडीसाठी हसली. तुम्हाला सांगते, कॅमेऱ्यात इतकं कसनुसं हसू मी परत बघितलं नाही.

आणि तिचा पाय चटईवर पडला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तासाभरानं मशीनमधून निकाल निघाला. पहिली, यास्मिन मुजावर. दुसरी, वैजयंता एकशिंगे. म्हणजे बंगळूरला यास्मिन.

वैजू निंबाळकर सरांना घेऊन सरळ आमच्या व्हॅनच्या दारात. मागं यास्मिन. निंबाळकर सरांच्या शर्टाच्या खिशावर हिरोची सही होती, बॉलपेनची. ते म्हणाले ही म्हणते मी दोनदा आले, तर तुमच्याकडं पहिल्यांदाचं चित्र असेल ते दाखवा. आता बघा, एका वाक्याचं काम होतं. हॅरी सरांनी नुसतं म्हणायचं की हो, आम्ही हिला परत पळवली. संपला विषय. पण तसं म्हटलं तर चॅनलचं पहिलं खरंखुरं लाइव्ह, त्याचा शेवटच खोटा निघाला असता, आणि बुटांच्या कंपनीची माणसं तिथंच खुर्च्या टाकून बसलेली.

“चित्र एकच आहे,” हॅरी सर म्हणाले. “सगळ्या महाराष्ट्रानं लाइव्ह बघितलं. आमचं चॅनल रीटेक करत नाही.”

मी म्हटलं, सर, रीटेकच होता तो. स्पष्ट म्हटलं, सगळ्यांसमोर. हॅरी सर हसले, निंबाळकर सरांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, पोरगी तुमच्या कोल्हापूरची आहे, माया असते हो.

यास्मिन म्हणाली, “सर, ती माझ्या पुढं होती. फाटकापासनं तिची पाठच बघत आलो मी.”

आणि बघा हं, हे कोण म्हणतंय? जिला तोंड बंद ठेवलं तर बंगळूर मिळणार होतं ती. निंबाळकर सरांना तरी लाज वाटावी. पण ते म्हणाले की बेटा, तोंडी चालत नाही, मशीन आहे, नियम आहे. फीत धरणाऱ्या पोरांना बोलावलं, त्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही फीत एकदाच धरली आणि ही एकदाच आली. ती पोरं खरंच तर बोलत होती. पहिल्यांदा फीत धरलीच कुठं होती?

हॅरी सरांनी दार लावून घेतलं. वैजू बाहेर राहिली. मी एक नंबरच्या कॅमेऱ्याचं सगळं परत काढून बघितलं, हिरोचं डोकं, हिरोचं डोकं, हिरोचं डोकं. मानेवरचे केस मोजता येतील इतकं स्पष्ट. दोन नंबर, हिरोचे दात. पुढं बघायला सवडच मिळाली नाही, कारण बक्षीस समारंभ सुरू झाला.

आणि हा समारंभ लाइव्ह, खराखुरा. मंचावर तीन पायऱ्यांची चौकट, मध्ये उंच एक नंबर, बाजूला दोन आणि तीन. हिरो पदकं घेऊन उभा. तिसरी मुलगी तीनवर चढली. निवेदकानं नाव घेतलं, प्रथम क्रमांक, यास्मिन मुजावर. यास्मिन आली, आणि सरळ जाऊन दोनवर उभी राहिली.

निंबाळकर सर खुणा करतायत, बेटा, मध्ये, मध्ये. ती ढिम्म. निवेदकाला वाटलं तिला कळलं नाही, त्यानं परत नाव घेतलं. ती सरळ समोर बघतेय. मग त्यानं घाईघाईत दुसरं नाव घेऊन टाकलं, द्वितीय, वैजयंता एकशिंगे. वैजू आली. डोळे लाल झालेले, पण आली. दोनवर आधीच यास्मिन. यास्मिन जरा सरकली आणि तिला जागा दिली.

म्हणजे चित्र काय, तीनवर एक, दोनवर दोघी एकमेकींना चिकटून, आणि मधली उंच पायरी रिकामी. आणि तिच्याशेजारी पदक धरून रुद्र सरंजामे, चष्म्यातून इकडं तिकडं बघतोय की घालू कुणाला.

व्हॅनमध्ये हॅरी सरांनी डोक्याला हात लावला. एक रिकामा का? कुणीतरी एकवर उभं करा. लोकांना काहीतरी दुसरं दाखवा. तेवढ्यात बुटांच्या कंपनीचा माणूस आत आला, कुरकुरत, की एवढा हिरो आणला पण तुमच्या चित्रात नुसता त्याचा चेहरा, आमचे बूट कुठंच नाहीत. हॅरी सरांना हत्तीचं बळ आलं. दोन्ही अडचणींवर एकच औषध.

“रेवा, हिरो गाडीतून उतरतो ते काढ. पण पायापासून पाहिजे. बूट दिसले पाहिजेत. सगळे कॅमेरे बघ.”

पायापासून कुणी घेतलं असणार? एक आणि दोन तर त्याच्या नाकावर. मी तीन बघितला, काही नाही. मग चार. चार नंबरवाला पोरगा गर्दीत मागं अडकला होता, बिचारा शिडीवर चढून लांबून घेत होता, ते चित्र कुणी वापरलंच नव्हतं. हिरो त्यात पूर्ण होता, केसांपासून बुटांपर्यंत. हात हलवतोय. आणि हिरोच्या मागं, त्याच्या कानाच्या बाजूला, कमान होती. घड्याळासकट.

आणि कमानीत एक भगवी बनियन शिरत होती.

अंगठ्याएवढी दिसत होती, पण ते न हलणारे खांदे मी कुठंही ओळखले असते. फीत नाही, पंच नाही, कुत्रं नाही तिथं. एकटी आली, पलीकडं गेली, गुडघ्यांवर हात टेकून थांबली. वरती लाल आकडे स्पष्ट. मग जरा वेळानं हिरव्या बनियनमध्ये यास्मिन.

“मिळालं का?” हॅरी सर ओरडले.

मी म्हटलं, मिळालं, पण सर, मागं—

“मागचं सोड. बूट दिसतायत ना?”

“दिसतायत. पण सर, मागं बघा एकदा—”

“रेवा, मागचं कोण बघतंय? बूट बघ. लाव.”

चिटणीस माझ्याकडं वळले. त्यांनी माझ्या स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग खिशात पेपरमिंट शोधलं, नव्हतं. आणि अगदी सरळ चेहऱ्यानं हॅरी सरांना विचारलं की सर, तुकडा मोठा आहे, कापू का थोडा?

“कापायचा नाही,” हॅरी सर म्हणाले. “पूर्ण चालवा. स्लो. दोनदा.”

वरिष्ठांचं ऐकावं माणसानं. मी पूर्ण चालवला. स्लो. दोनदा.

मंचामागच्या मोठ्या पडद्यावर रुद्र सरंजामे हळूहळू हात हलवायला लागला. बुटांच्या कंपनीचा माणूस खूश. पहिल्या वेळी कुणाला काही कळलं नाही, लोक हिरोच बघत होते. पण मंचावरच्या दोन नंबरवरून दोन मुली वळून पडद्याकडं बघत होत्या, आणि त्या हिरो बघत नव्हत्या. यास्मिननं निंबाळकर सरांची बाही ओढली आणि बोट दाखवलं. दुसऱ्या वेळी निंबाळकर सर बघायला लागले. मग पंच बघायला लागले. मग मैदान. भगवी बनियन कमानीत शिरली, तरंगल्यासारखी, आणि वर लाल आकडे, आणि लोकांच्यात असा एक आवाज गेला, ओरडणं नाही, ताट सरकवल्यासारखा. हिरोला वाटलं आपल्यासाठीच आहे. त्यानं मंचावरून परत हात हलवला.

निंबाळकर सरांनी खिशातून आपला जाड चष्मा काढला, सहीवाल्या खिशातून, घातला, आणि म्हणाले, “परत लावा म्हणावं ते.” माईक चालू होता, सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं.

मी तिसऱ्यांदा लावला. कुणी सांगायची वाट बघितली नाही.

यास्मिननं वैजूला कोपरानं ढकललं. “चढ आता.”

आणि वैजू चढली मधल्या पायरीवर. हसली नाही, हात वर केले नाहीत. हिरोनं पदक घातलं, ते तिनं उलटंसुलटं करून बघितलं, बस. आता बघा, खरं लाइव्ह होतं, आणि एवढं साधं होतं.

हॅरी सरांचा चेहरा मी बघत होते. एकदा पांढरा झाला, एकदा लाल झाला, आणि मग, काय माणूस असतो बघा, त्यांनी माईक ओढला आणि निवेदकाच्या कानात सांगितलं, की बोल, आमच्या चॅनलच्या अत्याधुनिक यंत्रणेनं एका मुलीला न्याय मिळवून दिला. आणि तो बोलला. बुटांच्या कंपनीवाल्यानं उठून हॅरी सरांशी हात मिळवला.

नंतर हॅरी सरांनी मला एकटीला गाठून विचारलं, तुला दिसलं होतं ना मागं कोण आहे ते? मी म्हटलं, सर, तुम्हीच म्हणालात मागचं सोड. हल्ली ते एका मोठ्या चॅनलवर आहेत आणि कॉलेजांमधून ‘खेळ आणि प्रामाणिकपणा’ यावर भाषणं देतात. हीच गोष्ट सांगतात. त्यात बूट नसतात. मीही नसते. चिटणीस तर अजिबात नसतात.

वैजू त्या वर्षी गेली बंगळूरला. यास्मिन पुढच्या वर्षी, पहिली येऊन. त्या वेळी कमानीवर कॅमेरा होता का, माहीत नाही. मी तोपर्यंत सोडलं होतं.

पण त्या दिवसाचं एक राहिलंच. समारंभ झाल्यावर मी वैजूला शोधत मांडवात गेले, तर ती पदक मांडीवर टाकून फोन लावत होती. डेअरीचा फोन, स्पीकरवर, पलीकडं नुसता कालवा, सगळी वाडी एकदम बोलतेय. मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं आणि एक म्हातारा आवाज आला. तिचे तात्या.

ती म्हणाली, तात्या, बघितलं का मला?

“बघितलं की. खरंखुरं आलीस त्ये तीनदा बघितलं.” मागं कुणीतरी त्यांना काहीतरी सांगत होतं, ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग चांगलेच वैतागून म्हणाले, “पन वैजे, त्यो मधी कोन हुबा हुता गं? चांगलं दिसंना बघ त्येच्यामुळं. बाजूला सर म्हनाय एवढ्या मानसांत कोन न्हवतं व्हय?”